चौदा क्रमांकांची यादी

५ फेब्रुवारी, रेक्याविक
पीएच.डी. करणाऱ्या सोल्वेगने आज चर्चासत्रात सगळ्यांसमोर विचारलं, तुझी खुणांची यादी कुठे आहे? मी म्हटलं, घरी. घरी नाही. कुठेच नाही. म्हणून ही वही.
पोथी वासराच्या कातड्यावर लिहिलेली; कातडं महाग, म्हणून सातशे वर्षांपूर्वीचा लेखनिक अर्धे शब्द गिळायचा आणि अक्षरांवर बारीक खुणा करायचा. कॉम्प्युटरमध्ये त्यांतल्या काही खुणांना क्रमांकच नव्हते. १९९८ साली पोथी उतरवताना मी माझ्या मनाने चौदा क्रमांक दिले; कोणता कोणत्या खुणेचा, हे लिहून ठेवलं नाही. माझ्या मशीनवर पोथी सुरेख दिसते. सोल्वेगच्या मशीनवर रिकामे चौकोन. तिचा प्रबंध याच पोथीवर; १ मार्चला द्यायचा.
रोज दोन क्रमांक. सात दिवस. विषय संपला.

६ फेब्रुवारी
यादीसाठी कागद आखला. शाईचे रंग दोन. वारा भयंकर, तरी पोहायला गेले. गरम पाण्याच्या कुंडात थोर्दिस भेटली; पूर्वी आम्ही एकत्र शिकवायचो. म्हणाली, बाई गं, यादी केली नाही म्हणून तू पोरांना वर्गाबाहेर काढायचीस! मी म्हटलं, शिस्त हवीच. पाणी फार गरम होतं. लवकर निघाले.

९ फेब्रुवारी
सोल्वेगचा फोन. अजून चौकोनच. मशीन बदल म्हटलं. म्हणाली, हे तिसरं.

१४ फेब्रुवारी
नऊ क्रमांक पक्के. उरलेले पाच मी दोन-दोन खुणांना दिलेत. २००४ मध्ये पोथीचा उरलेला भाग उतरवताना जुने क्रमांक पाहायचा कंटाळा केला असावा. मुळात लेखनिकालाच शिस्त नव्हती.
हे खोडते. त्याने कातडं वाचवलं. मी काय वाचवलं?

१५ फेब्रुवारी
मूळ पोथीशी ताडून पाहायचं. ३१२ पानं, रोज चाळीस. सहज होईल.
आज अडीच.

२६ फेब्रुवारी
एकूण अकरा पानं. चष्मा बदलायला हवा.
सोल्वेग शंकरपाळ्यांसारख्या तळलेल्या क्लाइना घेऊन आली. यादीवर शेवटचा हात फिरवतेय म्हटलं. म्हणाली, सव्वीस वर्षं तोच हात फिरतोय का? मी कॉफी ओतत राहिले. क्लाइना तिनेच खाल्ल्या.

२९ फेब्रुवारी
सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फक्त म्हणाली, मग राहिलेली तीनशे एक पानं मीच बघते. प्रबंध सप्टेंबरवर गेला.
सोल्वेगच्या हाती दिलं: यादी, पान एक. क्रमांक चौदा. नऊंपुढे खूण. पाचांपुढे, माझ्या अक्षरात, 'मला माहीत नाही'. शाई एकाच रंगाची.