ज्वालामुखी शांत दिसला तो मंगळवार

अण्णा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहायला बसले आहे. मी जर्मनीत एका इन्स्टिट्यूटमध्ये काम करते. इथून हजारो किलोमीटरवर एका बेटावरचा ज्वालामुखी अकरा आठवडे धुमसतोय आणि त्याच्यावर लक्ष ठेवणं हे सध्या माझं काम. बेटावरची वेधशाळा लहान, माणसं जेमतेम चार. म्हणून तिथल्या भूकंपमापकांच्या नोंदी आणि उपग्रहाची रडार-चित्रं आम्ही इथे वाचतो आणि रोज सकाळी आठला एक पान लिहून पाठवतो. धरणाजवळच्या भूकंपमापन केंद्रात तुम्ही ड्रमवर काजळी धरलेला कागद लावून जे करायचात, तेच मी स्क्रीनवर करते.

एक दिवस लख्ख आठवतो. मी सातवीत आहे, तुमचा डबा घेऊन केंद्रात आलेय. तुम्ही ड्रमवरून कागद उतरवताय, हात मनगटापर्यंत काळे. सुईनं ओढलेल्या पांढऱ्या रेघा मध्येच सहा तास अगदी सपाट झाल्यात. मी म्हणते, "अण्णा, या वेळात काहीच झालं नाही. शून्य लिहा." तुम्ही मान वर न करता म्हणता, "सुई अडकली होती. जे बघितलंच नाही ते लिहायचं नाही, कळलं?" आवाज इतका कडक की मी डबा ठेवून पळालेच. रजिस्टरमध्ये तुम्ही 'नोंद नाही' असं लिहिलंत. साहेबांना रजिस्टरमध्ये मोकळी जागा चालायची नाही. त्यांनी मेमो दिला. त्या दिवशी आई पिठलं ढवळता ढवळता म्हणाली, "अहो, एक शून्य लिहायला काय जात होतं? कोण बघायला येणार होतं?" तुम्ही एवढंच म्हणालात, "धरणाखाली माणसं राहतात," आणि भाकरी मोडायला घेतलीत. मी मनातून आईच्या बाजूनं होते. तुम्ही उगाच हट्ट करता असं मला पुढेही बरीच वर्षं वाटत राहिलं.

मागच्या मंगळवारी सकाळी ज्वालामुखी गप्प झाला. आलेख जवळजवळ सपाट. डोंगराच्या पायथ्याचं गाव आधीच रिकामं केलेलं आहे, लोक बेटाच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत राहतात. त्यांच्या गाई मात्र गावातच अडकलेल्या. वेधशाळेतल्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. माझ्याच वयाच्या असतील, केसांवर राख. त्या म्हणाल्या, "रस्त्यावरच्या अडसरापाशी लोक जमलेत. एक दिवस जाऊन गुरं सोडवू द्या म्हणतात. शांत आहे एवढं लिहून दे, मी अडसर उघडते." मी म्हटलं, "तीनपैकी दोन भूकंपमापक राखेखाली बंद पडलेत. उरलेल्या एकाच्या भरवशावर मी शांत लिहू शकत नाही. गुरुवारी नवं रडार-चित्र येईल, तोवर थांबवा." "गुरुवारपर्यंत गाई पाण्यावाचून मरतील. माझ्या भावाच्याही त्यात आहेत." मी नाही म्हटलं. मग माझा बॉस खुर्ची ओढून शेजारी बसला. "हे बघ, निर्णय त्यांचा आहे. आपण फक्त 'हालचाल कमी' असं लिहू. ते खोटं नाही." मी म्हटलं, "वाचणारा त्याचा अर्थ जा असाच घेईल." आणि लिहिलं: दोन केंद्रांची नोंद नाही, ज्वालामुखी शांत आहे असं म्हणता येत नाही. सही फक्त माझी होती. बुधवारचा सगळा दिवस बॉस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

गुरुवारचं चित्र आलं. डोंगराची पूर्वेकडची बाजू वीतभर फुगली होती. शुक्रवारी दुपारी ती कोसळली. तापलेली राख आणि दगड दरीतून खाली धावत आले, रस्ता गाडला गेला, गावातली वरच्या अंगाची घरं गेली. त्या रस्त्यावर माणूस नव्हता. बाईंचा मेसेज आला, "सगळे शाळेत आहेत. गाई गेल्या." मी त्या मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही.

ज्वालामुखी अजून थांबलेला नाही. एका बंद भूकंपमापकावरची राख काल वेधशाळेच्या लोकांनी झटकली, त्याच्या नोंदी पुन्हा यायला लागल्यात. दुसरा अजून मुका आहे. उद्या आठला मी पुन्हा पान लिहीन, त्यात दुसऱ्याबद्दल जे आहे तेच लिहीन, आणि हे संपेपर्यंत लिहीत राहीन. बॉसनं आता पानावर स्वतःचीही सही करायला सुरुवात केलीय.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकते. इथे सगळे म्हणतात, मी ठाम राहिले. पण भावाच्या गाईंचं सांगून बाई गप्प झाल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं ना अण्णा, तर मी हो म्हटलं असतं.