त्या हाताबद्दल

ता. ९ मार्च

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, रागावू नका. गुडघा कसा आहे? जिना उतरताना हाताशी काठी ठेवा. काठी घेतली म्हणून कोणी म्हातारं होत नाही. ठकीचे पुढचे दोन दात पडलेत. ‘स’ म्हणायला गेली की शिट्टी वाजते. तिला ऐकून आम्ही दोघं पोट धरून हसतो, असं लिहिणार होते, पण घरात सध्या हसण्यासारखं काही राहिलेलं नाही.

ह्यांच्या पोहण्याच्या तलावावर अपघात झाला, ताई. तुमच्या कानावर आलंही असेल. शिकाऊ मुलांची तुकडी संपली होती, बाकीची मुलं कपडे बदलत होती. त्यातला एक मुलगा, ठकीच्याच वयाचा, नको म्हटलं असताना खोल बाजूला गेला आणि त्याने उडी मारली. मी त्या दिवशी ठकीला तिथे सोडून दवाखान्यात गेले होते. त्याला बघायला ती काठाशी गेली, पाय घसरला आणि तीही पडली. ह्यांनी शिट्टी टाकून उडी घेतली. ठकी जवळ होती, तिला आधी बाहेर काढलं. परत गेले तोवर तो मुलगा तळाशी गेला होता.

चौकशी झाली. साहेबांनी लिहून दिलं की जीवरक्षकाची चूक नाही. पण ह्यांना ते पटत नाही. ‘पाप झालं’ एवढे दोनच शब्द बोलतात. जेवायला बसतात आणि ताटाकडे बघत राहतात. ताई, ज्या माणसाला मी चिडवायचे की तुम्हाला आता कल्ले फुटतील, तो आता आंघोळीचं पाणी बादलीत पडायला लागलं की मोरीतून बाहेर येतो. टॉवेल ओला करून अंग पुसतात, झालं.

तुमच्याकडे बायका पोथीवाचनाला येतात, मनातल्या शंका विचारतात. तुमचा शब्द ते मानतात. आई गेल्यावर त्यांना तुम्हीच वाढवलंत. तुम्ही त्यांना लिहा, की हे पाप नाही. माझ्या तोंडून त्याला किंमत नाही. लवकर लिहा, ताई. मला त्यांची भीती वाटायला लागली आहे.

ठकी तुम्हाला पापा देते.

तुमची लाडकी भावजय


ता. २४ मार्च

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. इतकं मायेचं पत्र मला माझ्या आईनेही कधी लिहिलं नव्हतं. ‘पाप आधी मनात ठरतं, मग हातून घडतं. जे घडू नये म्हणून तू धावलास, ते घडलं, तर त्याला दुःख म्हणतात, पाप नाही.’ मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं, आता रडतील, मोकळे होतील. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, पुन्हा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, “तू ताईला काय लिहिलं होतंस?”

मी म्हटलं, “जे झालं ते.”

“काय झालं?”

मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला. ते म्हणाले, “माझ्या मनात ठरलं होतं, असं कळव तिला.”

तेव्हा कळवते. ठकी जवळ नव्हती, ताई. तो मुलगा जवळ होता. ह्यांनी उडी मारून डोकं वर काढलं तेव्हा त्याचा हात ह्यांच्या तोंडासमोर होता. धरला असता तर सापडला असता. त्याने हाकही मारली, ‘सर’ म्हणून. ह्यांनी तो हात बाजूला केला आणि पलीकडे ठकीकडे गेले. तळाकडे तिची लाल फीत दिसत होती.

आता तुम्ही म्हणाल पाप. म्हणा. पण त्याआधी मला एक सांगा. हे त्याला घेऊन वर आले असते आणि आमची ठकी तळाशी राहिली असती, तर त्याला काय म्हटलं असतं? पुण्य? आणि ते पुण्य मी कुठल्या फळीवर मांडून ठेवलं असतं? माझ्या मते आई-बापांना तेवढं एक पाप माफ असतं. ग्रंथात नसलं तर ग्रंथात राहून गेलंय.

हे मात्र असलं काही बोलत नाहीत. परवा मी भांडलेच. म्हटलं, “तुम्हाला पश्चात्ताप होतोय का ठकीला वाचवल्याचा? तसं असेल तर तिच्या तोंडावर सांगा.”

ते म्हणाले, “पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा ठकीकडेच जाईन. आणि ते पाप आहे, हेही मला माहीत आहे. दोन्ही खरं आहे. तुला त्यातलं एक खोटं करायचंय. मला ते जमत नाही.”

कामावरून सुटले की ते त्या मुलाच्या आईच्या कारखान्यासमोर जाऊन उभे राहतात. ती शर्टांना काजं करते. नवरा नाही, तो एकुलता एक होता. ही बाई बाहेर येते, ह्यांना ओळखते, मान हलवून नमस्कार करते आणि जाते. नमस्कार, ताई! तिला वाटतं ह्यांनी तिच्या मुलासाठी जीव धोक्यात घातला. हे घरी येऊन भिंतीला डोकं टेकून बसतात. म्हणतात, मी तिला सांगणार. चौकशीच्या साहेबांनाही सांगणार.

सांगून काय होणार? मुलगा परत येणार नाही. ह्यांची नोकरी जाईल, कदाचित आत टाकतील. ठकीला शाळेत मुलं काय म्हणतील? तिला जगायचं आहे हो अजून. आणि त्या बाईचं तरी काय भलं होणार? आत्ता तिच्या डोक्यावर फक्त दुःख आहे. वर हे कशाला?

तुम्ही त्यांना गप्प राहायला सांगा. शपथ घाला. तुमचं ऐकतील. तुम्हाला त्यात पाप वाटत असलं तर माझ्या नावावर टाका, मी घेते.

ठकी हल्ली शाळेतून आली की दप्तरासकट कॉटखाली जाऊन बसते. काल तिथूनच विचारत होती, “खोटं बोललं की पाप लागतं ना? मग मोठ्यांना लागतं का?” मी म्हटलं, मोठ्यांना कामं फार असतात, बाहेर ये आणि दूध पी. आली नाही.

उत्तराची वाट बघते.

तुमची
भावजय


ता. १७ एप्रिल

ताई,

तुमचं चार ओळींचं कार्ड मिळालं. ‘मी त्याला गप्प बसायला सांगणार नाही. तू अजून काहीतरी लपवते आहेस. आधी ते लिही, मग मला सल्ला विचार.’ मला फार राग आला. कार्ड मी पिठाच्या डब्याखाली दडपून ठेवलं आणि पुढचे कित्येक दिवस लिहायचं नाही असं ठरवलं. लिहिलं असतं तर कदाचित पुढचं टळलं असतं. आता तेही माझ्या नावावर आहेच.

मागच्या आठवड्यात तलाव सफाईसाठी बंद होता. भर दुपारी तिथला रखवालदार ह्यांना धरून घरी घेऊन आला. अंगावर बाहेर जायचे कपडे, पायात बूट, सगळं निथळत होतं. रखवालदार घाबरून म्हणाला, “वहिनी, साहेब खोल बाजूला होते. बराच वेळ वर आले नाहीत. मी ओरडलो तेव्हा आले.” तो गेल्यावर मी ह्यांच्या बुटाच्या नाड्या सोडत होते, त्या सुटत नव्हत्या. वरून ह्यांचा आवाज आला, “जमत नाही गं. पोहणाऱ्याला बुडता येत नाही. हातपाय ऐकत नाहीत.”

मी नाडी तशीच सोडली, जमिनीवर बसले आणि म्हटलं, “चला. सांगू. आपण दोघं जाऊन सांगू.”

कारण सांगायचं होतं त्यातलं मोठं खोटं माझं होतं, ताई. तुम्ही बरोबर ओळखलंत. तो मुलगा आगाऊपणा करून खोल बाजूला गेलाच नव्हता. आधी ठकी पडली. एकटीच काठावरून चालत होती, घसरली. कपडे बदलणाऱ्या त्या पोराने ते पाहिलं आणि तिला काढायला उडी मारली. नुकतं कुठे चार हात मारायला शिकला होता. ठकीने मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं, “आई, त्याने माझा फ्रॉक धरला होता.” चौकशीच्या आधी मी ह्यांना बसवून शिकवलं की उलटं सांगायचं. आधी तो, मग ठकी. नाहीतर म्हणतील, तुमच्याच मुलीपायी तो गेला, कामावर असताना तिला काठावर एकटी कशी सोडलीत? ह्यांना तेव्हा कशाचंच भान नव्हतं. मी जे तोंडात घातलं ते त्यांनी बोलून टाकलं. ठकीला मी गप्प केलं. देवाची शपथ घालून.

मी स्वतःला सांगत होते की मेलेल्याला बोल लागत नाही.

आम्ही त्या बाईच्या खोलीवर गेलो. दुसरा मजला, जिन्यातच शिवणयंत्राचा आवाज येत होता. तिने आम्हाला पाहिलं आणि लगबगीने कॉटवरचे शर्ट उचलून जागा केली. “बसा सर,” म्हणाली. चहा टाकायला उठली. मी समोर बघितलं तर फळीवर मुलाचा फोटो, पण तोंड भिंतीकडे. मागची पुठ्ठ्याची बाजू आमच्याकडे. तिने माझी नजर पाहिली.

“मी बोलत नाही त्याच्याशी,” ती म्हणाली. “हजारदा बजावलं होतं खोल बाजूला जायचं नाही म्हणून. ऐकलं नाही. मला एकटीला टाकून गेला, तेही मस्ती करायला.”

तेव्हा मीच बोलले. सगळं. आधी कोण पडलं, कोणी उडी मारली, हात कुठे होता, कोणाचा हात बाजूला केला, चौकशीत काय सांगितलं आणि ते कोणी शिकवलं. बोलताना चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

तिने एकच विचारलं. “हाक मारली होती त्याने?”

हे म्हणाले, “हो. सर म्हणाला.”

तिने उठून गॅस बंद केला, फळीपाशी गेली आणि फोटो फिरवला. पदराने पुसला. तेल लावून चप्प भांग पाडलेला पोरगा, कॅमेऱ्याकडे बघून हसू दाबत होता. ती आमच्याकडे पाठ करूनच बोलली.

“तुम्ही तुमची मुलगी उचललीत. त्यासाठी मी तुम्हाला शिव्या देईन, शाप देईन, काय सुचेल ते करेन. ते नंतर. पण मी माझ्या पोराशी बोलत नव्हते हो. इतके दिवस. एका खोलीत राहून.”

मग म्हणाली, “जा आता.”

आम्ही आलो. जिन्यात ह्यांनी माझा दंड धरला होता. ते मला सावरत होते की स्वतःला, कोण जाणे.

तिने क्षमा केलेली नाही, आणि मी मागितलीही नाही. तुमच्या मते पाप मनात ठरतं. ह्यांच्या मते ते त्या हातापाशी झालं. मला विचाराल तर मी अजूनही म्हणेन, त्या पाण्यात आमच्याकडून काही झालं नाही. झालं ते नंतर, कोरड्या जमिनीवर, आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या तोंडाने. एका आईपासून मी तिचा चांगला मुलगा काढून घेतला. तो गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी दोघांनी जाऊन नवा जबाब दिला. ह्यांना कामावरून कमी केलं आहे. पुढे खटला होईल, दोघांवरही. वकील म्हणतो, काही सांगता येत नाही. आत्ता हे बाहेर ओट्यावर बसून पेज पीत आहेत. बरे झालेत असं म्हणवत नाही, पण वाटी रिकामी होते आहे.

एक मागणं आहे. शनिवारच्या गाडीने ठकीला तुमच्याकडे पाठवते, शेजारच्या काकू सोबत येतील. तिला तुमच्याकडे ठेवून घ्या, आम्ही परत येऊ तोवर. रात्री दचकून उठते, तेव्हा पाठीवर हात ठेवा, दिवा लावू नका. तिला मी घातलेली शपथ मी काढून घेतली आहे, पण तिला ते खरं वाटत नाही. तुम्ही तिला सांगा. ती बोलायला लागली की मध्ये थांबवू नका, तो मुलगा कसा होता ते तिला सगळं सांगू द्या. तिच्याशिवाय ते पाहिलेलं दुसरं कोणी नाही. आणि जमलं तर तुम्ही ते लिहून घ्या आणि त्या बाईला पाठवा. मी पाठवलं तर ती उघडणार नाही.

मला भावजय म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तोवर,

ठकीची आई