नाउयाकला परत पाठवतोय

प्रिय ॲग्नेसताई,

कुत्रागाड्यांच्या शर्यतीत मी बुडणारी तीन कुत्री वाचवली, हे रेडिओवर ऐकलंच असशील. इथे लोक दारात सुका मासा ठेवून जातात, पाठ थोपटतात. ओटोकाका तर म्हणाले, “बक्षीस नाउयाकला द्या, याला मासे पुरे!” सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते गं.

खरं काय झालं ते ऐक. आपलं गाव गोठलेल्या खाडीपलीकडे समोर दिसत होतं, सगळी माणसं काठावर उभी. मागून तो नॉर्वेचा गडी अंतर तोडत होता. आणि तू वाढवलेली नाउयाक, माझी पुढची कुत्री, मटकन बर्फावर बसली. वारा जमिनीकडून सुटला होता. अशा वाऱ्यात बर्फ फाटतो, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. पण वाटेच्या खुणेच्या काठ्या सरळ पुढे जात होत्या. त्या वारा फिरण्याआधी रोवलेल्या, हे मला सुचलंच नाही. बर्फ टोचून पाहायचा बाबांचा दांडा तर वजन नको म्हणून मागच्या मुक्कामीच टाकून आलो होतो. “भवाने, गावासमोर माझं नाक कापतेस?” असं ओरडलो आणि तिच्या तोंडावर मारलं. आपल्या घरात कुत्र्यावर कुणी कधी हात उचललाय का, ताई? मग तिला मागे बांधलं आणि पुढे जोडलं तुलुगाकला. गुणी पोर, सांगाल तिकडे धावणारं.

तो धावला. बर्फ लवला आणि तो खाली गेला. त्याच्या मागची तिघंही पाण्यात घसरली, तेव्हा नाउयाकने पाय रोवले म्हणून बाकीची थांबली. मी पोटावर सरपटत तिघांना ओढून काढलं. तुलुगाकचा पट्टा तुटला होता. तो सापडलाच नाही. त्याने फक्त माझं ऐकलं होतं.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो. परवा नाउयाकला पुन्हा पुढे जोडून नदीवर नेलं. वळणाशी बर्फावर पाणी आलेलं लांबूनही दिसत होतं. वाटलं, ती बसेल. बसू दे, मी तिचे पाय धरीन. ती बसली नाही. एकदा वळून माझ्या हाताकडे पाहिलं आणि सरळ पाण्याकडे चालू लागली. मीच गाडी आडवी पाडून सगळ्यांना थांबवलं. ताई, ती आता मला नाही म्हणत नाही. उद्याच्या विमानाने तिला तुझ्याकडे पाठवतोय. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण तिला पुन्हा नाही म्हणायला शिकव.

तुझाच, तुला तोंड दाखवायची हिंमत नसलेला,
एल्मर