बंदिवान सुटतील

शरणपूर, नाशिक
फेब्रुवारी १९७६

चि. शांतवन यास याकोबमामाचा आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? मोर्चातून पोलिसांनी तुझ्यासोबत उचललेल्या झिपरूचा खोकला थांबला का? मी बरा आहे. तुझी आई मात्र धड जेवत नाही.

रविवारी चर्चमधल्या उपदेशात मी यशया संदेष्ट्याचं भाकीत समजावत होतो, बंदिवान सुटतील म्हणून. तेवढ्यात बायकांच्या बाजूने तुझी आई उठली.

"दादा, सुटायचे तेव्हा सुटतील. माझं पोर कोणत्या तुरुंगात हाय, तेवढं सांग."

चौकीवर मला कुणी दाद देत नाही, हे तिला कसं सांगू? उपदेश अर्धाच सोडून तिच्याजवळ चटईवर जाऊन बसलो.

पत्ता नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. तरी बाळा, उत्तर लवकर धाड.

तुझा,
याकोबमामा