पट्टेवाली कोरांटी

४ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. कारण घडलंच तसं. संस्थेच्या पार्किंगमागे, जनरेटरच्या खोलीला लागून, कोरांटीची एक नवी जाती सापडली. फूल जांभळं, त्यावर पांढरे पट्टे. इतकी वर्षं तिथेच स्कूटर लावतो, पण दिसलं आज. नजर तयार व्हायला वेळ लागतोच.

सगळी नोकरी वाळवलेल्या झाडांच्या शीटा सांभाळण्यात गेली. मार्चअखेर निवृत्ती. आपल्याकडच्या वनस्पतींवर संस्थेचा जो ग्रंथ निघतो आहे, त्यात कोरांटीचं प्रकरण माझं. रानात किती प्रकारच्या कोरांट्या, कोणती कोण, ओळखायची कशी. बाकी सगळा ग्रंथ तयार आहे. सगळे माझ्यासाठी थांबलेत. (संचालकांचा शब्द 'अडलेत' असा होता.)

५ ऑक्टोबर, सकाळी
सौ.ला सांगितलं. ती दातांची डॉक्टर. क्लिनिकला निघायच्या गडबडीत होती. छान म्हणाली. मग डबा घ्यायला विसरू नका म्हणाली. शास्त्रज्ञाच्या घरी हे चालायचंच.

अडचण एकच. नव्या जातीला स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत. लोक हसतात. दुसऱ्या कुणीतरी द्यावं लागतं. त्यासाठी नवीन मॅडम बऱ्या. आमच्याच विभागात आहेत, डॉक्टरेट वगैरे आहे, हुशार आहेत, फक्त घाई फार. लॅटिनमध्ये आडनावाच्या शेवटी एक 'आय' लावला की झालं. बाथरूममध्ये मोठ्याने म्हणून पाहिलं. भारदस्त वाटतं. सौ.ने बाहेरून विचारलं, टॉवेल हवाय का.

९ ऑक्टोबर
मॅडमना चहाला बोलावलं. सहज बोलता बोलता म्हणालो, काही आडनावं लॅटिनमध्ये फार छान बसतात. त्या म्हणाल्या, हो, काही अजिबात बसत नाहीत. चहा संपवून गेल्या. बीज पेरलं आहे.

१४ ऑक्टोबर
पांढरी, जांभळी, पट्टेवाली. तीन रंग, तीन जाती. इतकं सोपं वर्गीकरण आजवर कुणाला सुचू नये याचं आश्चर्य वाटतं. मॅडम म्हणाल्या, सर, नुसत्या रंगावरून जाती ठरवत नाहीत. मी म्हणालो, अनुभवावरून ठरवतात. त्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या.

प्रकरण उद्या संचालकांच्या टेबलावर. नक्की.

१५ ऑक्टोबर
दिलं नाही. प्रिंटरची शाई फिकट येत होती. असलं काम फिकट देणं बरोबर नाही.

२७ ऑक्टोबर
मॅडमनी मागच्या व्हरांड्यात बोलावलं. तिथे वर्षभर कुंड्या आहेत. मला वाटायचं, शोभेला ठेवल्यात. त्या म्हणाल्या, गेल्या हंगामात जनरेटरजवळच्या त्याच झुडपाची एकच बोंडी घेऊन तिच्यातल्या बिया पेरल्या होत्या. आता फुलल्यात. एक पांढरी, एक जांभळी, दोन पट्टेवाल्या.

म्हणजे माझ्या तिन्ही जाती सख्ख्या बहिणी निघाल्या.

मी म्हणालो, कुंडीतलं झाड दबावाखाली असतं, त्यावरून निष्कर्ष काढू नये. त्या 'बरं सर' म्हणाल्या. हल्ली 'बरं सर' फार म्हणतात.

२ नोव्हेंबर
एका अर्थी बरंच झालं. पार्किंगमधली जाती कोण मानणार? खरं काम डोंगरावर. पलीकडच्या काळ्या कातळावर कोरांटी माजली आहे म्हणतात. रविवारी संस्थेची जीप घेऊन जायचं. मी आणि मॅडम. संकल्प: रोज पहाटे चालणे, गोड बंद, जिना वापरणे.

३ नोव्हेंबर
पहाटे उठलो होतो. गार होतं.

६ नोव्हेंबर
डोंगरासाठी चांगले बूट घेतले. घालूनच निघालो. दुकानाच्या पायऱ्या उतरताना पाय मुरगळला. बूट उत्तम आहेत, पकड जबरदस्त. बूट जागचा हलला नाही, पाय हलला.

८ नोव्हेंबर, रविवार
घोटा टम्म सुजला आहे. डोंगर माझ्यावाचून. मॅडमना एकटीला कसं पाठवायचं म्हणून सौ. गेली. क्लिनिकला सुट्टीच होती. निघताना म्हणाली, एवढी वर्षं तुम्ही ज्याच्याबद्दल बोलता ते एकदा बघून तरी येते. तिला नीट समजावलं: फोटो काढ, उगाच काही तोडू नकोस, मॅडमना प्रश्न विचारून भंडावू नकोस.

संध्याकाळी
आली. गुडघ्यांना माती, नाक उन्हाने लाल, आणि कधी नव्हे इतकी खुशीत. पाणीसुद्धा न पिता बोलायला बसली.

"अहो, बाकी सगळ्या फुलांत दोनच केसर मोठे होतात, उरलेले आत खुरटून राहतात. खाली पायथ्याशी तसंच होतं. पण त्या काळ्या कातळावर चार पूर्ण वाढलेले. अडकलेली अक्कलदाढ सरळ वर यावी तसे. मला राहवेना. एकेक झुडूप बघत गेले. तिथल्या सगळ्यांत चारच."

मी हसलो. तिला समजावून सांगितलं की निसर्गात असे अपवाद असतात, एखाद्या फुलाला लागलीच डोक्यावर घ्यायचं नसतं. ती म्हणाली, एखादं नाही हो, सगळीच. मग मी पायाखाली उशी मागितली.

१९ नोव्हेंबर
मॅडम घरी आल्या. मी शर्ट बदलून कोचावर ताठ बसलो. त्यांनी पायाची चौकशी केली आणि सौ. कुठे आहेत विचारलं. दोघी क्लिनिकमध्ये गेल्या. तिथला दिवा आणि भिंग आमच्या संस्थेतल्यापेक्षा चांगलं आहे म्हणे. मला पाहायला बोलावतील म्हणून चपला घालून बसलो होतो. विसरल्या असाव्यात.

१२ डिसेंबर
सौ. पुन्हा कातळावर. ही तिसरी खेप. आता केसांना रुमाल बांधून जाते, सॅक घेते. एक पेशंट दाढ दुखत असताना तिच्याकडून कोरांटीची माहिती ऐकून गेला, असं कम्पाउंडर सांगत होता. मी तिला म्हणालो, या वयात नवीन छंद झेपेल का? ती म्हणाली, बघू.

घोटा बरा आहे. पण थंडीत जपलेलं बरं.

११ जानेवारी
बढती! संचालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कोरांटीचं प्रकरण आता मॅडम पूर्ण करतील आणि मी सल्लागार. लिहिण्याची कटकट गेली, विचार करायला मोकळा झालो. सल्ला कधी द्यायचा विचारलं, तर म्हणाले, मागितला की.

घरी सौ.ला सांगितलं. तिने माझ्या पुढ्यात चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिली. क्लिनिकला उशीर झाला तिला.

२३ फेब्रुवारी
आयुष्यातला मोठा दिवस. मॅडमचा लेख छापून आला. काळ्या कातळावरची कोरांटी ही नवी जाती ठरली. आणि नाव? चक्क आमचं आडनाव! शेवटी पोरीला कळलं. ऑक्टोबरातला चहा वाया गेला नाही.

फक्त छपाईत चूक आहे. शेवटी 'आय' हवा, तिथे 'ए' आणि 'ई' छापलंय. संपादकांना नम्र पण खरमरीत पत्र लिहायला घेतलं आहे.

२४ फेब्रुवारी
पत्र पाठवलं नाही.

मॅडमना मसुदा दाखवला. त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. हळूच म्हणाल्या, सर, चूक नाहीये. पुरुषाच्या नावावरून असेल तर 'आय'. बाईच्या नावावरून असेल तर हे.

मला हा नियम माहीत होता. मीच दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो.

२४ फेब्रुवारी, जेवणानंतर
सौ.ला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती ओटा पुसत होती. थांबली.

"मी त्यांना तुमचंच नाव द्या म्हणाले होते. त्या म्हणाल्या, जिने ओळखलं तिचं द्यायचं. मग म्हटलं, निदान माझं पहिलं नाव नको, आडनाव घ्या. तेवढं तरी दोघांचं आहे."

मी म्हणालो, व्याकरण सोडलं तर नाव चांगलं आहे. ती हो म्हणाली. दिवा तिनेच घालवला.

३१ मार्च
निवृत्ती. पुष्पगुच्छ, शाल, संचालकांचं भाषण. त्यात माझ्या 'चिकाटी'चा उल्लेख दोनदा आला.

त्याच कार्यक्रमात नव्या जातीची शीट सगळ्यांना दाखवली. वाळवलेली फांदी कागदावर शिवण्याचं काम माझंच होतं, माझ्याइतकं नीट कुणाला येत नाही. फूल असं उघडून बसवलं की चारही केसर लांबून मोजता यावेत. लेबलही माझ्या हातचं.

सौ. क्लिनिक बंद ठेवून आली होती. सगळे तिच्याभोवती. कातळ, केसर, पुढे काय करणार. बाहेरगावाहून आलेले एक प्राध्यापक गर्दीतून वाट काढत शेवटी माझ्यापर्यंत आले. आपण डॉक्टरबाईंचे मिस्टर ना, म्हणाले. मी हो म्हणालो. त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, तुम्हालाही झाडांची आवड आहे का?

थोडीफार, म्हणालो.