हात दाखवला की थांबायचं

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

पेज खारट झाली. पुन्हा! बोलता बोलता मीठ दोनदा पडतं. बोलायला घरात कोणी नाही, तरी पडतं. तशीच नेली. नर्मदाकाकी दारातच होत्या. "ठेव हंयसर." बायको सुशीला गेली त्याच्या पंधराव्या दिवसापासून हे चाललंय. तीन वर्षं झाली, एक सकाळ चुकलेली नाही.

नियम जुनाच. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, हात दाखवणाऱ्याला कधी मागे टाकलं नाही. गाडी भरलेली असो, ड्रायव्हर कावो, मी घंटी मारणारच. निवृत्तीनंतरही तेच — हात दाखवला की थांबायचं. काकी शेजारी, अठ्ठ्याहत्तरीच्या, एकट्या. त्यांना कोण बघणार?

त्यांची गाय मात्र काय तुकतुकीत झालीय!

१० फेब्रुवारी

देवगडहून लेकीचा फोन. सृष्टीचा दुसरा वाढदिवस रविवारी. अपेक्षा म्हणाली, आठ दिवस राहायलाच या. पहिल्यालाही गेलो नव्हतो — पेज! नातीला मी फोनमधला माणूस वाटतो.

नाही म्हणालो. फोन ठेवला आणि त्या टोपाचा, पेजेचा, माझ्या नियमाचा असा राग आला की लिहायची लाज वाटते. चांगलं काम करणाऱ्याला राग येतो का? मला आला. काकींचाही आला.

११ फेब्रुवारी

टोप ठेवला आणि लगेच मागे फिरलो.

१२ फेब्रुवारी, पौर्णिमा

आज देवळात जे झालं ते आयुष्यभर विसरणार नाही.

आमच्यात आपलं मागणं आपण देवाला सांगत नाही. नारळ द्यायचा, भाई गावकरांच्या कानात सांगायचं. ते मोठ्यानं गाऱ्हाणं घालतात, जमलेले सगळे हुंकार देतात. काकी भाईंच्या कानाशी बराच वेळ लागल्या होत्या. मी मागे खांबाला टेकून. डोक्यात देवगड.

भाईंनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही नर्मदा तुझ्या पायाकडे इली आसा. एक भलो माणूस रोज सकाळी तिच्या दारात पेज घेवन येता —"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. सवयच!

"— तेका त्या पेजेतसून मोकळो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हेही मीच ओरडलो. आणि मग कळलं. शेजारची माणसं तोंडावर हात धरून हसत होती. भाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चपला शोधत बाहेर आलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ फेब्रुवारी

तरी पेज केली. हट्टानं.

काकी गोठ्यात होत्या. टोप घेतला आणि माझ्यादेखत गायीपुढे ओतला. डॉक्टरांनी त्यांचं मीठ कधीच बंद केलंय म्हणे. पहिल्या महिन्यापासून माझी पेज गायच खाते!

मी म्हणालो, मग सांगायचं की हो.

"तुझा तोंड बघून सांगूक जमला नाय रे दत्ता. आता तां प्वॉर थंय वाट बघता, अपेक्षान माका सांगल्यान. जा तू."

आधी राग आला, मग हसू. पोट दुखेपर्यंत हसलो. गाय माझ्याकडे बघत होती. तीन वर्षं मी तिची सेवा केली! काकींनी कधी हात दाखवलाच नव्हता. मीच आपला घंटी मारून त्यांच्या दारात थांबत होतो.

केवढं हलकं वाटतंय. दुपारी पिशवी भरली.

१५ फेब्रुवारी, देवगड

सृष्टी आधी पडद्यामागे. मग गुडघ्यापर्यंत आली. संध्याकाळी खांद्यावर!

१६ फेब्रुवारी

सकाळी काकींनी सृष्टीला आशीर्वाद द्यायला फोन केला. नंतर अपेक्षा बराच वेळ स्वयंपाकघरातच होती. डोळे पुसत बाहेर आली आणि काकींनी सांगितलेलं सांगितलं. शेवटच्या दुखण्यात सुशीलेनं त्यांना बोलावून घेतलं होतं. म्हणाली होती, "काकी, माझ्या मागे हो माणूस घरात नुसतो बसान रवतलो. रोज सकाळी काय घेवन इलो तर 'नको' म्हणा नकात."

म्हणजे हात सुशीलेनं दाखवला होता. माझ्यासाठी. आणि थांबल्या होत्या काकी.