बाकावर चालेल असा लॅपटॉप

दि. १४ मार्च, रविवार

प्रिय दादा,

वहिनीला नमस्कार आणि पिल्लूला दोन्ही गालांवर पापा. आम्ही दोघी बऱ्या आहोत. पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. त्याचं उत्तर पुढे येईल. तुला धीर नसतो आणि तू आधी शेवट वाचतोस, म्हणून सांगते, निदान ह्या वेळी तरी वरून खाली वाच.

आधी लॅपटॉपचं. दर फोनला तू विचारतोस, "हलका की जड? एकदाचं सांग की गं, दुकानदार माझ्या नावानं खडे फोडतोय." आणि मी आपली "सांगते, सांगते" करून टोलवते. तुला वाटतं मला कळत नाही. अरे, तू पाठवलेली माहिती मला आता झोपेतही म्हणता येईल.

हलका म्हणजे लिटरभर दुधाएवढा. दिवसभर चार्जरची आठवण काढत नाही, तापत नाही, आवाज करत नाही. पण मोठा प्रोग्रॅम चालवायला घेतला की त्याला धाप लागते. चहा करून, पिऊन, कप विसळून आलं तरी ह्याचं आपलं चालूच. जड म्हणजे भरलेल्या कुकरएवढा, वर त्याचा विटेसारखा चार्जर. प्लग काढला की तासाभरात मान टाकतो. पण टेबलावर बसवून दिला तर काम असं उरकतो की चहा राहून जावा. तुझं म्हणणं मला पटतं. "प्रोग्रॅमिंगच करायचंय ना? मग ताकदीचा घे. खांद्यावर टाकून डोंगर चढायचाय का तुला?"

दादा, मला जडच हवाय. हे आधी लिहून टाकते.

एका कंपनीनं मला काम देऊ केलंय. शहरातली रहदारी पडद्यावर उभी करायची, रस्ते, सिग्नल, बस, पायी चालणारी माणसं, सगळं. मग एखादा पूल बंद केला तर कुठे कुठे तुंबेल, ते आधीच बघायचं. मी हौसेनं केलेला एक नमुना त्यांनी पाहिला आणि घरूनच कर म्हणाले. इतकी वर्षं लोकांच्या वेबसाइटवरची बटणं डावीकडून उजवीकडे सरकवून मला अगदी वीट आलाय रे. हे काम मला मनापासून हवंय. अट एवढीच की त्याला ताकदीचं मशीन लागतं, आणि सकाळचा वेळ टेबलाशी बसून सगळ्यांबरोबर काम करावं लागतं. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

मग घोडं अडलंय कुठे? नाक्यावरच्या बाकावर.

आई हल्ली थोडी विसरते, असं मी तुला सांगत आले. त्यातलं 'थोडी' माझ्या पदरचं. नाश्ता झाला की ती केस नीट करते, पर्स घेते आणि ड्यूटीवर निघते. बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत तिनं उभा जन्म काढला, ती खिडकी आता तिला नाक्यावरच्या बसथांब्यावर सापडते. तिथल्या बाकावर जेवणाची वेळ होईपर्यंत बसते. अडवलं तर फार कासावीस होते. डॉक्टर म्हणाले, अडवू नका, फक्त सोबत राहा. तेव्हा मीही मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसते. लहानपणी सगळीकडे मागे मागे यायचे म्हणून तू मला शेपूट म्हणायचास. आता मी आईचं शेपूट झालेय.

आमचं काम कसं चालतं ते ऐक. कोणी विचारतं, "बाई, दवाखान्याकडे कुठली जाते?" आई ठणठणीत आवाजात सांगते, "सात नंबर. समोरून मिळेल." सात नंबर बंद होऊन जमाना झाला. मी तिच्या पाठीमागून बोटांनी खरा नंबर दाखवते. रोजची मंडळी तयार झालीत, आईकडे बघून मान डोलावतात आणि जातात माझ्या बोटांप्रमाणे. परवा आठ दाखवायचे होते आणि नेमका लॅपटॉप मांडीवरून घसरायला लागला. एक हात तिकडे गेला, उरली पाच बोटं. बिचारे एक गृहस्थ पाच नंबरनं कुठल्या कुठे जाऊन परत आले आणि माझ्यावर उखडले. आई त्यांना म्हणाली, "नवीन आहे ती. सांभाळून घ्या."

तर बाकावर चालेल असा लॅपटॉप म्हणजे हलकाच. जड तिथे प्लगवाचून जीव सोडेल आणि त्याआधी माझ्या मांड्या भाजेल.

आता फोनचं. तू नेहमी म्हणतोस, आई फोनवर किती खणखणीत बोलते. बोलते खरी. तो तिचा चौकशीचा आवाज, त्याला काही झालेलं नाही. पण तू बोलत असताना मी तिच्या समोर बसलेली असते. पिल्लू कितवीत गेलं ते सांग बरं, असं तू गमतीनं विचारलंस, तेव्हा "दुसरीत" हे ती माझी दोन बोटं बघून म्हणाली. वहिनीचं नाव माझ्या ओठांवरून उचलते. तुलाही मी थांब्यावरच्या माणसांसारखंच वागवत आलेय, दादा. तू तिकडे जिवाला लावून घेशील म्हणून, असं मी मनाला सांगायची. पण खरी भीती वेगळी होती. तुला सगळं कळेल, तू "येतो" म्हणशील, आणि येणार नाहीस.

गेल्या रविवारी तुझा फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, "कोण होता गं?" आणि मग तीच पुढे म्हणाली, "चांगला मुलगा वाटला. लांब राहतो बहुतेक. त्याला नीट गाडी सांगितलीस ना?"

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं.

म्हणून हे पत्र. फोनवर ती जवळच असते, आणि तिच्यादेखत तिच्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही.

तूही निम्मा आठवडा घरूनच काम करतोस. तुझा लॅपटॉप हलका आहे, बाकावर मजेत चालेल. ऑफिसला विचारून काही महिने इकडे ये. सकाळचा बाक तुझा, टेबल माझं. बसचे नंबर मी तुला शिकवेन, दोन दिवसांत तयार होशील. शाळेला सुट्टी लागली की वहिनी आणि पिल्लूही येऊ देत.

नाहीच जमलं, तर तुझा तो मित्र इकडे येणार आहे ना, त्याच्याबरोबर हलका पाठवून दे. मी कंपनीला नाही कळवेन आणि बाकावर बसून बटणं सरकवत राहीन. तुझ्यावर रागावणार नाही. पण मला वाईट वाटेल, फार वाटेल, ते तुला माहीत असू दे. जड घेतलास तर मात्र कुणाच्या गळ्यात मारू नकोस. ते ओझं तूच उचलून आण.

काल बाकावर मी गिऱ्हाइकासारखं आईला विचारलं, "बाई, माझा भाऊ लांब असतो. त्याला इकडे यायचं झालं तर?"

तिनं चष्मा वर केला, जरा विचार केला. "थेट गाडी नाही. मधे बदलावी लागेल. पण सकाळी निघाला तर उजेडी पोचेल."

"रस्ता चुकला तर?"

"चुकायचा नाही. त्याला म्हणावं, चौकशीच्या खिडकीशी ये. मी आहे."

हे तिनं अगदी बरोबर सांगितलं, दादा. मला बोटं दाखवावी लागली नाहीत.

आम्ही दोघी बाकावर आहोत.

तुझं,
शेपूट